गेटच्या बाहेरचा रस्ता

चाकणच्या ज्या कंपनीत मी सेफ्टी ऑफिसर आहे, तिथे गेटच्या आत पायी चालणाऱ्या माणसाला फार मान आहे. शॉप फ्लोअरवर त्याच्यासाठी दोन पिवळ्या पट्ट्यांमधली वाट राखून ठेवलेली असते. त्या वाटेवर कुणी साधा खोका ठेवला तरी लाइन लीडरला माझ्यापुढे येऊन उत्तर द्यावं लागतं. फोर्कलिफ्ट आणि माणूस समोरासमोर आले तर थांबायचं फोर्कलिफ्टनं. नव्यानं आलेल्या प्रत्येकाला मी पहिल्याच दिवशी हे शिकवते, आणि शिकवताना मला स्वतःलाच ते इतकं पटतं की माझा आवाज थोडा चढतो.

शिफ्ट सुटली की हीच माणसं गेटमधून बाहेर पडतात आणि त्यांची वाट तिथेच संपते. गेटपासून हायवेच्या चौकापर्यंत डांबराचा रस्ता आहे. डांबर संपतं तिथे हातभर खाली खडी, खडीच्या पुढे चिखल किंवा धूळ, जसा महिना असेल तसं, आणि त्याच्या पुढे उघडं गटार. खडीवर ट्रेलर उभे असतात, कंपनीत माल उतरवायला आपला नंबर कधी लागतोय याची वाट बघत. कायम कामगार बसनं ये-जा करतात. कंत्राटी कामगारांना बस नाही. ते चौकात सहा आसनी रिक्षातून उतरतात आणि तिथून चालत येतात, ट्रेलर आणि धावती वाहनं यांच्यामधल्या फटीतून. काही जण सायकलवर असतात. त्यांची अवस्था आणखी वाईट, कारण त्यांना चटकन बाजूलाही होता येत नाही.

मी कामगाराचीच मुलगी आहे. माझे वडील पिंपरीच्या एका कारखान्यात टर्नर होते आणि नोकरीभर सायकलवर गेले. लहानपणी शिफ्ट सुटायच्या वेळी मी आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभी राहून त्यांना शोधायचे. रस्ताभर सायकलीच सायकली असायच्या, आणि एखादा मोटारवाला त्यांच्या मागून मुकाट यायचा. सायकलींसाठी कुणी धोरण लिहिलं होतं म्हणून हे झालं होतं असं नाही. कामगारांकडे दुसरं काही नव्हतं, एवढंच. आता वडील माझ्याकडे पुनावळ्यात राहतात. आमच्या बाल्कनीतून बायपासच्या पलीकडचं विहार दिसतं, आतला दिवा लागलेलासुद्धा दिसतो. पण पौर्णिमेच्या वंदनेला जायचं तर वडिलांना रिक्षा करावी लागते. रिक्षा पुढच्या अंडरपासपर्यंत जाते, वळसा घालून परत येते आणि त्यांना रस्त्याच्या समोरच्या बाजूला सोडते. गुडघे चांगले असलेला माणूस समोरच्या इमारतीत जायला रिक्षा करतो, हे बघून माझं डोकं फिरतं. वडील मात्र शांत असतात. ते म्हणतात, जाऊ दे, तेवढीच गाडीतून चक्कर.

तर हे सगळं मी रोज बघत होते आणि वैतागत होते, पण वैतागण्यापलीकडे काही करत नव्हते. करायची वेळ आली ती थंडीतल्या एका सकाळी.

वायरिंगच्या लाइनवर एक कंत्राटी कामगार होती. परभणीकडची, तिशीतली, हातानं अतिशय चपळ आणि तोंडानंही. नवरा बांधकामावर, मुलगी शाळेत, चौकापलीकडच्या एका गावात भाड्याची खोली. पहिल्या शिफ्टला ती नेहमीसारखी चालत येत होती. धुकं होतं. कडेला आमच्या कंपनीचे ट्रेलर ओळीनं उभे होते, त्यामुळे तिला डांबरावरून चालावं लागत होतं. मागून आलेल्या टेम्पोचा आरसा तिच्या खांद्याला लागला, ती पडली आणि तिचा डावा पाय मागच्या चाकाखाली आला. टेम्पोवाला थांबला, हे त्यातल्या त्यात नशीब. गेटवरच्या वॉचमननं मला फोन केला. मी धावत पोचले तेव्हा तिला कुणीतरी ट्रेलरच्या चाकाला टेकवून बसवलं होतं. चेहरा पांढराफटक पडला होता. मला बघून तिनं पहिला प्रश्न विचारला.

"मॅडम, आज माझा खाडा धरतील का?"

मी काय बोलले ते मला आठवत नाही. बहुतेक रागावलेच असेन. कंपनीच्या ॲम्ब्युलन्समधून तिला पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. हाड घोट्याच्या वर दोन ठिकाणी मोडलं होतं. ऑपरेशन झालं, पायात रॉड बसवला. तिची मुलगी शाळेच्या गणवेशातच आली आणि आईच्या उशाशी दप्तर घेऊन बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी मी कंपनीत आले तर गेटवरचा बोर्ड माझ्यासमोरच बदलला जात होता. अपघाताशिवाय किती दिवस गेले ते त्या बोर्डावर लिहिलेलं असतं. वॉचमननं जुना आकडा काढला आणि एकानं वाढवून नवा लावला. त्याचं तरी काय चुकलं? त्याला तसंच शिकवलं होतं, आणि शिकवलं होतं मीच. मी तशीच प्लांट मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले आणि बोर्ड शून्यावर आणा म्हणाले.

प्लांट मॅनेजर वाईट माणूस नाही. तिच्या औषधपाण्याची चौकशी त्यांनी माझ्याआधी केली होती. पण बोर्डाचं नाव काढल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं.

"ती गेटच्या आत पडली का?"

मी नाही म्हणाले.

"मग तो रस्त्यावरचा अपघात आहे. रस्ता आपला नाही."

मी म्हणाले, ट्रेलर तर आपले होते. ते म्हणाले, ट्रेलर ट्रान्स्पोर्टवाल्याचे. मी म्हणाले, कामगार तर आपली होती. ते म्हणाले, कामगार कॉन्ट्रॅक्टरची. एका माणसाच्या पायावरून चाक जातं आणि त्या चाकापासून पायापर्यंत कुठेच कुणी मालक सापडत नाही.

मग मी रस्त्याचा मालक शोधायला निघाले. औद्योगिक वसाहतीच्या कार्यालयात सांगितलं की रस्ता आमचा होता, पण रुंदीकरणासाठी तो दुसऱ्या खात्याकडे वर्ग झालाय. त्या दुसऱ्या खात्यात सांगितलं की वर्ग होण्याची प्रक्रिया अजून चालू आहे, तोवर रस्ता वसाहतीचाच. मी ग्रामपंचायतीत गेले. सरपंचांनी चहा पाजला आणि सगळं नीट ऐकून घेतलं. "ताई, रस्ता आमच्या हद्दीतनं जातो व्हय, पण तो आमचा न्हाई," ते म्हणाले. "आमी कडेला साधा दिवा लावायचा म्हटलं तरी कुणाची परवानगी काढायची, ते ठरंना." निदान त्यांना त्याची लाज वाटत होती. बाकीच्या कार्यालयांत मला लाज कुठे दिसली नाही.

शेवटी मला एक तरुण इंजिनिअर भेटला. हसरा, नम्र, टेबल स्वच्छ. त्यानं मला खुर्ची दिली, माझे फोटो बघितले आणि म्हणाला, मॅडम, तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. देशाच्या वाहतूक धोरणातच आहे की आधी पायी चालणाऱ्यांचा विचार करायचा, मग सायकलवाल्यांचा, मग बसचा आणि गाड्यांचा सगळ्यात शेवटी. त्यानं कॉम्प्युटरवर ते पानही काढून दाखवलं. रंगीत चित्र होतं. सगळ्यात वर चालणारा माणूस, सगळ्यात खाली मोटार. मी विचारलं, मग या रस्त्यावर फुटपाथ का नाही? तो म्हणाला, आराखड्यात फक्त गाड्यांच्या लेन आहेत, कारण मंजुरी लेनप्रमाणे मिळते. फुटपाथ घालायचा तर आधी मागणी दाखवावी लागेल. किती लोक चालतात त्याचा सर्व्हे करावा लागेल. सर्व्हेसाठी वेगळी मंजुरी.

"पण तुमच्या मताशी आम्ही पूर्ण सहमत आहोत," तो म्हणाला.

कुणी विरोध केला असता तर मी भांडले असते. सहमत असलेल्या माणसाशी कसं भांडायचं ते मला आजही कळलेलं नाही.

जाताना त्यानं एका कार्यशाळेचं निमंत्रण हातात दिलं. विषय होता विकसनशील देशांत चालणं आणि सायकल यांना वाहतूक धोरणातून चालना. दिल्लीचे अधिकारी येणार होते, बाहेरच्या देशांतूनही काही लोक येणार होते, आणि कारखान्यांच्या वतीनं कुणीतरी हवं होतं. ठिकाण बायपासच्या कडेचं एक मोठं हॉटेल होतं, आमच्या घरापासून फार लांब नव्हतं. विषय चालण्याचा आहे तर आपण बसनं आणि चालतच जाऊ, असं मी ठरवलं. मला ते योग्य वाटलं.

बसनं मला हॉटेलच्या समोर सोडलं, म्हणजे बायपासच्या दुसऱ्या बाजूला. हॉटेल दिसत होतं, त्याच्यावर लावलेला कार्यशाळेचा फलकही वाचता येत होता, पण मध्ये सगळा हायवे आणि त्याचे कठडे. मी पुलाखालून, साचलेल्या पाण्याच्या कडेकडेनं, साडीचा काठ हातात धरून वळसा घालून गेले. हॉटेलच्या गेटवर गाड्यांसाठी आडवा दांडा होता. आत येणाऱ्या प्रत्येक गाडीखाली आरसा सरकवून तपासणी चालली होती. वॉचमननं माझ्या मागेपुढे पाहिलं आणि विचारलं, मॅडम, गाडी कुठंय? मी गाडी नाही म्हणाले. तो गोंधळला. पायी येणाऱ्याला कुठून आत घ्यायचं हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. त्यानं वायरलेसवर वरिष्ठांना विचारलं, आणि मग दांडा वर केला. एखाद्या ट्रकसारखी मी त्या दांड्याखालून आत गेले.

कार्यशाळा चांगली होती, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. दिल्लीचे अधिकारी अभ्यासू होते. पडद्यावर त्यांनी दूरदूरच्या शहरांचे फोटो दाखवले. दक्षिण अमेरिकेतल्या एका शहरात रविवारी मोठे रस्ते गाड्यांना बंद असतात आणि सगळं गाव सायकलवर निघतं. ते म्हणाले की गरीब देशांत बहुतेक माणसं आजही पायीच कामाला जातात, आणि रस्ते मात्र थोड्याशा गाडीवाल्यांसाठी बांधले जातात. मला वाटलं, उठून टाळ्या वाजवाव्यात. चर्चेच्या वेळी मी उभी राहिले आणि आमच्या रस्त्याची हकीकत सांगितली. तिच्या पायाचंही सांगितलं. दिल्लीचे अधिकारी म्हणाले की हे फार दुःखद आहे, पण धोरण दिशा दाखवतं, रस्ते राज्यांचे आणि स्थानिक संस्थांचे असतात. राज्याचे अधिकारी म्हणाले की आम्ही तयार आहोत, पण पैसा वरून येतो तो कशासाठी खर्चायचा ते वरच ठरलेलं असतं. दोघंही एकाच टेबलाशी, एकमेकांच्या खुर्चीला खुर्ची लावून बसले होते. सूत्रसंचालकांनी सगळ्यांचे आभार मानले आणि जेवणाची सुट्टी जाहीर केली.

जेवताना माझ्या शेजारी आफ्रिकेतल्या एका देशाच्या वाहतूक खात्यातल्या बाई बसल्या होत्या. साधारण माझ्याच वयाच्या, अंगात गडद निळा झगा. त्या इंग्रजीत हळूच म्हणाल्या, आमचं धोरणही फार सुंदर आहे, मीच लिहिलंय. माझी आई बाजारातून चालत घरी येते तेव्हा ती पोचेपर्यंत मी खिडकीत उभी असते. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे, आणि आम्ही दोघी हसायला लागलो. त्या हसण्यात आनंद नव्हता. पण त्या सगळ्या दिवसात माझं म्हणणं पुरतं कळलेलं एकच माणूस मला भेटलं, ते इतक्या लांबून आलेलं.

घरी आल्यावर वडिलांनी विचारलं, काय झालं तिकडे? मी कार्यशाळेत मिळालेली कापडी पिशवी आणि छातीवर लावायचा सायकलचा बिल्ला त्यांच्यासमोर ठेवला. ते म्हणाले, येताना कशी आलीस? मी म्हणाले, इंजिनिअरनं गाडीतून सोडलं, तिथून चालत निघणं शक्यच नव्हतं. वडील इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी मात्र स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली.

त्या आठवड्यात मी ठरवलं की मालक सापडत नसेल तर मालकाची वाट बघायची नाही. आमच्याकडे गुरुवारी साप्ताहिक सुट्टी असते. मेंटेनन्सचा सुपरवायझर तळेगाव दाभाड्याचा, रोज मोटरसायकलवर त्याच रस्त्यानं येणारा. त्याला मी विचारलं, शॉप फ्लोअरचा पिवळा रंग उरलाय का? तो म्हणाला, रंग आहे, पट्टे मारायचं यंत्र आहे, चालणाऱ्या माणसाचा साचाही आहे. प्लांट मॅनेजरना सांगायला गेले तर त्यांनी हात वर केला. "मला काही सांगू नका," ते म्हणाले. "गुरुवारी मी पुण्यात नसतो." हीच त्यांची परवानगी आहे असं मी धरून चालले.

गुरुवारी रस्ता त्यातल्या त्यात मोकळा होता. वॉचमन लाल झेंडे घेऊन दोन्ही टोकांना उभे राहिले. लाइनवरच्या काही जणी झाडू घेऊन आल्या आणि त्यांनी कडेची खडी-माती लोटून काढली. आम्ही गेटपासून चौकाच्या अलीकडच्या वळणापर्यंत डांबराच्या कडेला एक लांब पिवळी पट्टी ओढली आणि तिच्या आत थोड्याथोड्या अंतरावर चालणारा माणूस उमटवला. कंपनीच्या आत असतो तसाच. उन्हात रंग चटचट वाळत होता. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच मला माझ्या कामाची लाज वाटत नव्हती.

दुपारी वायरिंगच्या लाइनवरची ती आली. काखेत कुबडी, एका पायावर प्लास्टर, शेजारणीनं रिक्षातून आणलेली. वॉचमनच्या खुर्चीवर बसून तिनं सगळं नीट बघितलं. मला वाटलं तिला बरं वाटेल.

"मॅडम, पट्टा पाहून टेम्पो थांबतो का?" ती म्हणाली. "आम्हाला बसमधी घ्या की. कायमवाल्यांच्या बसमधी मागच्या सीटा रिकाम्या राहतेत."

बसचं मी कितीदा तरी लिहून दिलं होतं आणि प्रत्येक वेळी ते कॉन्ट्रॅक्टरच्या नावावर ढकललं गेलं होतं. ती बरोबर होती आणि मीही चूक नव्हते. रस्ता सगळ्यांना लागतो, बस मिळाली तरी लागतो. पण कुबडी घेऊन बसलेल्या बाईला हे समजावत बसणं मला जमलं नाही. मी पुन्हा रंगाच्या डब्याकडे वळले.

गंमत म्हणजे पट्टीचा थोडा उपयोग झाला. कामगार सवयीनं पट्टीच्या आतून, एकामागे एक चालू लागले. आमच्याकडे नेहमी येणाऱ्या ट्रेलर ड्रायव्हरांना पिवळ्या पट्टीचा अर्थ आतल्या कामामुळे माहीत होता. त्यातले काही जण चाकं पट्टीबाहेर ठेवायला लागले. सगळे नाही. पण जे ठेवत होते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

मग इंजिनिअरचा फोन आला. सार्वजनिक रस्त्यावर परवानगीशिवाय रंगकाम करणं हा गुन्हा आहे, तुम्ही असं करायला नको होतं, असं त्यानं मला समजावणीच्या सुरात सांगितलं. आवाज न बदलता तो पुढे म्हणाला, त्याचे चांगले फोटो असतील तर पाठवता का? वर एक सादरीकरण आहे, लोकसहभागाचं उदाहरण म्हणून दाखवता येईल. मी फोन कानापासून दूर धरून त्याच्याकडे बघत राहिले. मग फोटो पाठवले. काय करणार?

त्या फोटोंचं फळ आम्हाला मिळालं. औद्योगिक वसाहतीत एक आदर्श फुटपाथ आणि त्याला लागून सायकल ट्रॅक मंजूर झाला. आमच्या रस्त्यावर नाही, तिथे जागेचा वाद होता. तो झाला वसाहतीच्या कार्यालयापुढच्या बागेच्या रस्त्यावर, कारण तिथे जागा मोकळी होती. जागा मोकळी होती कारण तिथून कुणी चालत नाही. छान झाला तो. लाल ब्लॉक, हिरवा रंग, बसायला बाक. सायकल ट्रॅक विजेच्या डीपीपाशी जाऊन संपतो, पण तिथपर्यंत उत्तम आहे.

उद्घाटनाला मला बोलावलं आणि तिलाही आणा म्हणाले. प्लास्टर निघालं होतं, ती थोडी लंगडत चालायची. अर्ध्या दिवसाची हजेरी भरून देतो असं कॉन्ट्रॅक्टरनं कबूल केलं म्हणून ती आली, ठेवणीतली साडी नेसून. सायकली टेम्पोतून आल्या. नव्याकोऱ्या, दांड्यावरचं प्लॅस्टिक तसंच. पाहुणे आपापल्या गाड्यांतून उतरले, सायकलींवर बसले, डीपीपर्यंत गेले आणि परत आले. टेम्पो कडेला उभाच होता. कुठे उभा होता म्हणाल, तर नव्या फुटपाथवर. मी ड्रायव्हरला काढ म्हणून सांगायला गेले, तो म्हणाला, मॅडम, रस्त्यावर लावला तर साहेबांच्या गाड्यांना अडचण होईल.

मग कुणीतरी माइक तिच्या हातात दिला. कामगार भगिनींच्या भावना हव्या होत्या. ती आधी घाबरली, पदर सावरला, माझ्याकडे बघितलं. मी नजरेनंच सांगितलं, बोला.

"फुटपाथ लई चांगला हाय," ती म्हणाली. "आमच्या कंपनीकडं कवा येणार?"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. खरोखर मनापासून वाजवल्या. मग सूत्रसंचालकानं नाश्त्याची व्यवस्था कुठे आहे ते सांगितलं.

त्यानंतर आमच्या रस्त्यावर केबल टाकायला खोदाई झाली आणि पिवळी पट्टी गेली. खड्डे भरले तेव्हा वर मुरूम टाकला, डांबर नाही. त्या काळात मी एकच गोष्ट करून घेऊ शकले. आमच्या कंपनीच्या मागच्या बाजूला मोकळी जागा पडून आहे, तिथे ट्रेलर आत घेऊन उभे करा म्हणून मी प्लांट मॅनेजरच्या इतकं मागे लागले की ते मला बघून मान खाली घालायला लागले. शेवटी त्यांनी मागचं गेट उघडलं. बाहेरची खडी मोकळी झाली. पुढच्याच आठवड्यात तिथे शेजारच्या कंपनीचे ट्रेलर येऊन उभे राहिले. आता शिफ्ट सुटताना आमचा वॉचमन शिट्टी वाजवत त्यांना पुढे काढतो. शिफ्ट गेली की ते परत येतात.

सर्व्हेही झाला. दोन मुलं वळणापाशी झाडाखाली बसून माणसं मोजत होती, भर दुपारी, दोन शिफ्टच्या मधल्या वेळात. त्या वेळी तिथून कोण चालणार? एखादा चहावाला, एखादं कुत्रं. इंजिनिअरनं मला सांगितलं की चालणाऱ्यांची संख्या फारच कमी दिसते, मागणी सिद्ध होत नाही. मी त्याला शिफ्टच्या वेळा सांगितल्या. त्या त्यानं लिहून घेतल्या.

ती पुन्हा लाइनवर आली, पण चालत यायचं बंद झालं होतं. त्या रस्त्यावरून तो पाय घेऊन चालत यायला तिला भीती वाटायची, आणि मला ती भीती खोटी म्हणता येत नव्हती. तिच्या नवऱ्यानं जुनी स्कूटर घेतली आणि चार सुट्ट्यांमध्ये तिला शिकवली. आता ती स्कूटरवर येते. कधी मागे लाइनवरची एखादी, कधी दोघीसुद्धा बसलेल्या. पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. आणि लगेच कळलं की आपण कशाला खूश होतोय. चालत येणारी एक बाई कमी झाली आणि रस्त्यावर एक गाडी वाढली. ज्यांना जमतं ते सगळे हेच करतात, मग सर्व्हेवाल्या मुलांना मोजायला उरतं कोण?

मी तिला हेल्मेटवरून रोज बोलते. ती रोज डिकीतून काढून दाखवते. परवा गेटवर तिला अडवलं तर म्हणाली, "मॅडम, तुमचा फुटपाथ झाला की स्कूटर विकते." चेष्टा करत होती की खरं सांगत होती, मला कळलं नाही. तिच्या मागे गेटमधून नवीन कंत्राटी मुलींची तुकडी आत येत होती. चपला धुळीनं पांढऱ्या, चौकापासून चालत आलेल्या.

इंजिनिअर सर्व्हे पुन्हा करायला तयार झालाय, या वेळी शिफ्ट सुटताना. तारीख दोनदा पुढे गेली आहे. ठरेल त्या दिवशी मी रजा टाकून तिथे वळणावर जाऊन माणसं मोजत बसणार आहे.